पदनामाचा पेढा, कायद्याची ढाल

मुलगा बहुराष्ट्रीय कंपनीत ‘मॅनेजर’ झाला की मध्यमवर्गीय मराठी घरात पेढे वाटले जातात. तिशीच्या आत मिळालेले हे पदनाम लग्नाच्या बाजारातही खणखणीत चालते. पण त्या पदनामाच्या बदल्यात मुलाच्या हातून काय निसटले, याचा विचार पेढे वाटणारे कधी करतात काय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने मुख्यत्वे व्यवस्थापकीय वा प्रशासकीय काम करणाऱ्यांना ‘कामगार’ या व्याख्येतून वगळले आहे. त्याआधीच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची रीतही तीच होती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातील आठवड्याला ४८ तासांची मर्यादाही व्यवस्थापकीय पदाला लागू होत नाही. न्यायालये पदनाम नव्हे तर प्रत्यक्ष काम पाहतात, हे खरे. पण घराचे हप्ते फेडणारा तरुण न्यायालयाची पायरी चढणार केव्हा? हाताखाली एकही माणूस नाही, स्वतःची रजासुद्धा स्वतःला मंजूर करता येत नाही, असा हा ‘मॅनेजर’! याला बढती म्हणावे, की आवळा देऊन कोहळा काढणे?

या बढतीची शिडीही सरळ नाही. १९८१ ते २००१ या काळात जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख असलेल्या जॅक वेल्च यांनी एक सूत्र प्रतिष्ठित केले. वरच्या २० टक्क्यांना गौरवावे, मधल्या ७० टक्क्यांना राबते ठेवावे आणि तळाच्या १० टक्क्यांना घालवावे. गटातील दहाही जण उत्तम असले, तरी एकाला नापास करायचेच! मग कोण कोणाला शिकवील? शेजारच्या मेजावरचा सहकारी हाच प्रतिस्पर्धी होऊन बसतो. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत नोव्हेंबर २०१३ मध्ये सोडून दिली. पण आपल्याकडील अनेक कार्यालयांत तिचे भूत अजून वावरते आहे. आणि व्यासपीठावरून सांगितले जाते, ‘आपण सारे एक कुटुंब आहोत.’ कोणत्या कुटुंबात दर मार्चअखेर एका मुलाला तळाचा ठरवून घराबाहेर काढतात?

‘सक्ती कोणी केली? पगार तर घसघशीत आहे,’ असे यावर सांगितले जाईल. पगार उपकार म्हणून मिळत नाही, तो कामाचा मोबदला असतो. शिवाय याच कंपन्या इतरत्र कशा वागतात? फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. जर्मनीत कर्मचाऱ्यांचे निवडलेले मंडळ असेल, तर बडतर्फीपूर्वी त्याचे म्हणणे ऐकावेच लागते. तिथे कायदा मुकाट्याने पाळणारी कंपनी पुण्यात रात्री अकराला फोन करते, ती इथला माणूस स्वस्त आणि मुका आहे म्हणूनच!

जुलै २०२४ मध्ये पुण्यातील एका बहुराष्ट्रीय संस्थेत नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल तरुणी मरण पावली. कामाच्या असह्य ताणाने तिचा बळी घेतला, असे तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना पत्राने कळविले. संस्थेने तो संबंध नाकारला. पण कामगार खात्याचे अधिकारी तपासणीला गेले, तेव्हा त्या कार्यालयाची राज्याच्या कायद्याखाली नोंदणीच झालेली नसल्याचे त्यांनी सांगितले. आईच्या पत्राने जाग येईपर्यंत हे तपासायला कोणी गेलेच नव्हते!

तेव्हा सरकारने कामगाराची व्याख्या पदनामावर न सोडता अधिकारावर बेतावी. ज्याला कोणाला नेमता वा काढता येत नाही, तो व्यवस्थापक कसला? आणि घरच्यांनीही ‘पद काय, पॅकेज किती’ या प्रश्नाआधी ‘घरी किती वाजता येतोस?’ हे विचारावे. ताटावर बसलेल्या मुलाला फोन आला की घास अर्धा टाकून तो उठतो. त्या उष्ट्या ताटाचा हिशेब कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात लिहिला जात नाही. तो आपल्यालाच मांडावा लागेल.