फारम उघडत नाही म्हणून दावा अडवणार?



आधी फॉरेस्टवाले म्हणायचे, जमीन तुमची नाही. कायदा झाला तेव्हा म्हणाले, पुरावा नाही. पुरावा दिला. आता शहापूर-मुरबाडच्या पाड्यांना नवंच ऐकायला मिळतंय, "तुमचा फॉर्म आमच्या कंप्युटरवर उघडत नाही, पुन्हा टाईप करून आणा."

ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. पाड्यावरनं तालुक्याला जायचं म्हणजे एका माणसाचा रोज बुडतो. डोळखांबकडनं नाहीतर टोकावड्याकडनं गाडीभाडं जातं. टायपिंगवाला पानामागे पैसे घेतो ते वेगळेच. एका दाव्यापायी तीन-तीन खेपा मारलेली घरं आम्ही पाहिली आहेत. ज्या घराने कंटाळून खेपा थांबवल्या, त्याचं नाव यादीत चढलंच नाही. आणि यादीत नाव नाही म्हणजे पुढच्या राबाच्या वेळी गार्ड बांधावर येऊन विचारणार, दावा कुठाय तुझा? दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून उठवता येत नाही, असं वनहक्क कायद्याचं कलम 4(5) सांगतं. पण ते कलम अंगावर घ्यायला दावा नोंदलेला पाहिजे. कंप्युटरमध्ये न उघडलेल्या फाईलवर हे सगळं लटकलंय, म्हणून या अंकात कंप्युटरविषयी लिहितोय.

बाबू लोक "टेक्निकल प्रॉब्लेम" म्हणाले की आपली माणसं गप्प बसतात. गप्प बसण्याइतकं त्यात अवघड काही नाही. नीट समजून घेऊ.

कंप्युटरला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो. मराठीसाठी पूर्वी ज्यांनी ज्यांनी फॉन्ट काढले, त्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच नंबरावर मराठी अक्षरांची चित्रं बसवून दिली, आणि तीही ज्याने त्याने आपल्या मर्जीने. म्हणून कुणाकडे कृतीदेव, कुणाकडे श्रीलिपी, कुणाकडे आयएसएम. कृतीदेवमध्ये तुम्ही 'कातकरी' असं टाईप केलंत, तर मशीनच्या पोटात खरी साठवण होते ती डी, के, आर, डी, जे, एच या सहा इंग्रजी अक्षरांची. वर कृतीदेवचं पांघरूण आहे तोवर 'कातकरी' दिसतं. तीच फाईल कृतीदेव नसलेल्या मशीनवर नेली की पांघरूण निघालं, आणि जमातीच्या रकान्यात उरलं डी के आर डी जे एच. 'हिलम' आडनावाचं तसंच, गावाच्या नावाचं तसंच. फाईल बिघडलेली नसते आणि अर्जही चुकलेला नसतो. समोरच्या मशीनवर तो एक फॉन्ट नसतो, एवढंच. पण समोरचा माणूस अर्जदाराकडे असा बघतो, जसा काही यानेच गुन्हा केलाय.

यावर उपाय नाही असंही नाही. युनिकोड नावाची पद्धत 1991 पासून आहे. तिच्यात 'क' ला एक नंबर ठरलेला, तो शहापुरात तोच, मंत्रालयात तोच, जपानातसुद्धा तोच. कुणा कंपनीच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. विंडोजमध्ये 2000 सालापासून मंगल नावाचा असा फॉन्ट आयताच येऊ लागला. जुन्या एक्सपीच्या मशीनवर त्यासाठी एकदा विंडोजची सीडी घालून भाषेच्या जागी एक खूण करावी लागते. झालं. एवढी खूण करायला कार्यालयात कुणाला वेळ नाही, आणि आमच्या बाईने मात्र तान्हं पोर घेऊन तिसऱ्यांदा एसटीने यायचं.

दुसरा घोळ भरायच्या फारमचा. नियमांनी दाव्यासाठी तीन नमुने दिलेत. अ हा एकेका घराच्या कसलेल्या जमिनीसाठी, ब गावाच्या सामूहिक हक्कांसाठी, आणि क सामूहिक वनसंपत्तीसाठी. कुणीतरी हुशारीने हे नमुने वर्डमध्ये रकाने पाडून, बाकीचा भाग कुलूपबंद करून पेन ड्राइव्हवर वाटले. कल्पना वाईट नव्हती. पण 2007 च्या आणि त्यापुढच्या वर्डमध्ये पाडलेले नव्या तऱ्हेचे रकाने जुन्या पद्धतीच्या फाईलमध्ये साठवले की रकाने राहतच नाहीत, नुसता मजकूर होऊन बसतो. जुन्या लिब्रे ऑफिसमध्ये फाईल उघडली तर यादीतून निवडायची जागा दिसायची, निवडता मात्र यायचं नाही. आणि कुलपाचा पासवर्ड ज्याने फारम बनवला त्याच्याकडे. तो बदली होऊन गेला.

फॉन्ट बदलला की ओळी लांबतात आणि पान खाली सरकतं. नमुना अ मध्ये शेवटी सही किंवा अंगठ्याची जागा असते, ती मग एकटीच पुढच्या पानावर जाऊन बसते. असाच एक अर्ज एका कार्यालयातून आमच्याकडे परत आला. कारण काय, तर "अंगठा वेगळ्या कागदावर आहे." नमुन्यात दहाव्या नंबरला घरातल्या बाकीच्या माणसांची नावं आणि वयं लिहायची असतात, लेकरं आणि आधारावर असलेली मोठी माणसंही धरून. नियमात किती ओळी याची मर्यादा नाही. आमच्या हाती आलेल्या कुलूपबंद फारमात चारच ओळी होत्या, पाचवी उघडायची सोय नाही. सात माणसांच्या घराने कुणाला बाहेर ठेवायचं, म्हातारीला की पाळण्यातल्याला? कागदावर असतं तर मागच्या बाजूला लिहिलं असतं.

बायांनो, छापील अर्ज हातात आला की सगळ्यात आधी दुसऱ्या नंबरचा रकाना बघा. तो नवरा-बायकोपैकी दुसऱ्याच्या नावाचा आहे. लग्न झालेल्या घरात पट्टा दोघांच्या नावाने द्यायचा, असं कलम 4(4) म्हणतं. नाव रकान्याबाहेर जाऊन कापलं गेलं असेल, तर अंगठा देऊ नका. आधी हाताने पुरं लिहून घ्या.

आणि याद्यांचं काय सांगावं! गट नंबर 12/3 असा एक्सेलमध्ये टाकला की एक्सेल त्याची तारीख करतं, 12 मार्च. टाईप करणाऱ्याचं लक्ष नसेल तर यादीत जमिनीच्या जागी तारीख. मग मोजणीला आलेला माणूस म्हणणार, असा गट गावात नाहीच. त्याचं तरी काय चुकलं? 12 मार्च नावाचा गट कुठल्या गावात असतो?

आपल्यातले काही जुने साथी म्हणतात, हे कंप्युटरचं झेंगटच नको, कागद बरा. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं फार महत्त्वाचं आहे. दावा करायचा असतो ग्रामसभेकडे, कुठल्याही कार्यालयाच्या मशीनकडे नाही. वनहक्क समिती तो घेते, त्याची लेखी पोच देते, जागेवर जाऊन तपासते, ग्रामसभा ठराव करते आणि मग तो वर जातो. या वाटेवर "सॉफ्ट कॉपी" नावाचं गाव कुठेच लागत नाही. हाताने लिहिलेला, अंगठा लावलेला नमुना हा पुरा दावा आहे. सॉफ्ट कॉपी नाही म्हणून तो थांबवायचा हक्क कुणाला दिलेला नाही.

पण उरलेलं अर्धं आम्हाला पटत नाही. प्रांताकडची यादी, जिल्ह्याची यादी, मंत्रालयात जाणारी यादी, सगळं आता मशीनवर आहे. यादी ज्याच्या हातात, हिशेब त्याच्या हातात. किती दावे आले, किती फेटाळले, कुणाचे हरवले, हे विचारायचं तर आपल्या ग्रामसभेकडेही तीच यादी वाचता येईल अशी पाहिजे. हा अंक स्टेन्सिलवर कापून सायक्लोस्टाईलवर काढलाय. शाई पुसट असेल, पण कसाऱ्याच्या पाड्यावर जे अक्षर दिसतं तेच धसईच्या वाडीवर दिसतं. हजारोंच्या मशीनकडून आम्ही एवढंच मागतोय, जे आमचं म्हातारं यंत्र रोज करतं.

आणि हे मागणं आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. केंद्र सरकारने 2010 च्या नोव्हेंबरात खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं. सरकारी कारभारातली माहिती कुणा एका कंपनीच्या कुलपात अडकू नये, असा त्याचा सरळ अर्थ. खुल्या दस्तऐवजाची ओडीएफ पद्धत 2006 सालीच आंतरराष्ट्रीय मानक झाली. ती फुकट मिळणाऱ्या लिब्रे ऑफिसमध्ये चालते. केरळातल्या सरकारी शाळांतली पोरं फुकटच्या, खुल्या सॉफ्टवेअरवर कंप्युटर शिकतात. तिथं जमतं आणि तालुक्याच्या कचेरीत जमत नाही, हे आम्हाला कुणी पटवून द्यावं.

आता कायद्याचं. 2008 च्या नियमांतला नियम 6 काढून बघा. दाव्याचे नमुने लोकांना सहज आणि फुकट मिळतील हे बघण्याची जबाबदारी उपविभागीय समितीवर टाकली आहे, म्हणजे प्रांत अध्यक्ष असतात त्या समितीवर. तुमच्यावर-आमच्यावर नाही, आणि टायपिंगच्या दुकानावर तर नाहीच नाही. जो नमुना एकाच मशीनवर उघडतो तो 'सहज' मिळाला असं म्हणता येणार नाही, आणि ज्याच्या पायी पानामागे पैसे मोजावे लागतात तो 'फुकट' कसला? पुढे 6 सप्टेंबर 2012 ला नियम सुधारले, त्यात नियम 12-अ आला. ग्रामसभेचा ठराव बदलायचा किंवा फेटाळायचा असेल तर कारणं देऊन लेखी आदेश काढावा लागतो, आणि नुसत्या तांत्रिक किंवा पद्धतीच्या कारणावरून दावा फेटाळता येत नाही. फॉन्ट नाही याहून तांत्रिक कारण आणखी कोणतं असणार?

म्हणून आमचं सरकारला सांगणं सरळ आहे. तिन्ही नमुने कागदावर पाड्यापर्यंत पोचवा. कंप्युटरवर द्यायचे तर युनिकोडमध्ये, ओडीएफमध्ये द्या, आणि कुलूप काढून द्या, म्हणजे सात माणसांच्या घराला सात ओळी घेता येतील. जुन्या फॉन्टमध्ये अडकलेल्या याद्या तुम्ही बदलून घ्या, आणि बदललेली प्रत्येक यादी ग्रामसभेत वाचून दाखवा. बदलताना वेलांटी इकडची तिकडे होते, नावं बिघडतात, आणि नाव बिघडलेलं ज्याचं त्यालाच कळतं. कचेरीतल्या माणसाला नाही कळत.

तोवर गावाने काय करायचं? "उघडत नाही" असं कुणी म्हणालं तर भांडत बसू नका, शांतपणे म्हणा, "साहेब, लिहून द्या." तोंडी बोलणं हा आदेश नाही. लेखी निर्णय मिळाला तर त्यावर साठ दिवसांत वर दाद मागता येते, तोंडी बोलण्यावर कशी मागणार? लिहून देत नसतील तर तारीख, वेळ आणि काय बोलले ते ग्रामसभेच्या वहीत त्याच दिवशी नोंदवा, बरोबरच्या दोघांच्या सह्या घ्या. असे परत आलेले जेवढे अर्ज असतील त्यांच्या झेरॉक्स तालुक्याच्या बैठकीला घेऊन या, पेन ड्राइव्ह असेल तर तोही आणा, कुठला फॉन्ट आहे ते बघून युनिकोडमध्ये करून देऊ. मूळ कागद मात्र गावातच ठेवा. टायपिंगवाल्याला नको, आम्हालाही नको.