झाकलेले पत्ते, उघडी नोंद

ऑनलाइन पोकरमध्ये समोरच्याने पत्ते टाकल्यामुळे, म्हणजेच ‘फोल्ड’ केल्यामुळे, डाव मध्येच संपला की जिंकणाऱ्याच्या पडद्यावर काही क्षणांसाठी एक बटण उमटते आणि ते दाबताच त्याचे झाकलेले पत्ते टेबलावरील सर्वांना दिसतात. हे बटण दाबण्याची सक्ती कोणताही नियम करीत नाही. डाव जिंकण्यासाठी पत्ते दाखवावेच लागतात ते केवळ ‘शोडाउन’मध्ये, म्हणजे शेवटची पैज कोणीतरी स्वीकारल्यानंतर पत्ते समोरासमोर मांडण्याच्या पायरीवर. तरीही असंख्य खेळाडू हे बटण हौसेने, रागाने किंवा समोरच्याचे समाधान करण्यासाठी दाबतात, आणि ही सवय खेळाच्या अभ्यासाला मारक आहे, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

माहितीला किंमत असते, हे मराठी घरांतील पत्त्यांच्या खेळांना नवे नाही. दिवाळीत खेळल्या जाणाऱ्या तीन पत्तीत अखेरचे दोघे उरल्यावर ‘शो’ मागणाऱ्याला त्यासाठी चाल मोजावी लागते आणि शेजाऱ्याने ‘साइड शो’ मागितला तर तो नाकारण्याचा अधिकार दुसऱ्याला असतो; मेंढीकोटच्या एका प्रकारात हुकमाचे पान पालथे ठेवले जाते आणि ते कधी उघडले जाते यावर सगळा डाव फिरतो. जे पाहण्यासाठी या खेळांत काही मोजावे लागते किंवा वाट पाहावी लागते, तेच पोकरचा खेळाडू फुकट देऊन टाकतो.

पत्ते दाखवण्याच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद ‘ब्लफ’शी, म्हणजे कमकुवत पत्त्यांवर मोठी पैज लावून प्रतिस्पर्ध्याला माघार घ्यायला लावण्याच्या चालीशी, निगडित आहे. एकदा ब्लफ उघड करून दाखवला की प्रतिस्पर्धी पुढच्या पैजांवर विश्वास ठेवणार नाहीत आणि खरोखर भक्कम पत्ते हाती येतील तेव्हा भरपूर चिप्स मिळतील, असा तो युक्तिवाद आहे. त्याचे गणित तपासण्याजोगे आहे. टेबलाच्या मध्यभागी १,००० चिप्स जमल्या असतील आणि शेवटच्या फेरीत आणखी १,००० ची पैज लावली असेल, तर ब्लफ करणारा १,००० मिळवण्यासाठी १,००० धोक्यात घालतो, म्हणून प्रतिस्पर्धी निम्म्याहून अधिक वेळा माघार घेत असेल तरच त्याचा ब्लफ फायद्यात जातो. ब्लफ दाखवल्यामुळे तो प्रतिस्पर्धी पैज अधिक वेळा स्वीकारू लागला, तर त्या क्षणापासून दाखवणाऱ्याने ब्लफ कमी करायला हवेत; उलट खरे पत्ते दाखवल्यामुळे प्रतिस्पर्धी बिचकू लागला, तर ब्लफ वाढवायला हवेत. म्हणजे पत्ते दाखवणे ही स्वतःची खेळी पुढे बदलण्याची घेतलेली जबाबदारी असते, आणि जो खेळाडू पत्ते दाखवूनही पूर्वीसारखाच खेळत राहतो त्याने केवळ प्रतिस्पर्ध्याला शिकवणी दिलेली असते.

जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये खेळांच्या गणिती सिद्धान्ताचा पाया घातला आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पोकरच्या सोप्या प्रतिकृतींचे विश्लेषण केले. तेथे ब्लफचे दोन हेतू वेगळे केलेले आहेत: दुबळेपणा असताना बळ भासवणे, आणि बळ असताना दुबळेपणाचा संशय जागा ठेवणे. दुसरा हेतू साधण्यासाठी ब्लफ कधीतरी पकडला जावा लागतो, आणि पकडला गेलेला ब्लफ शोडाउनमध्ये आपोआप सर्वांसमोर येतोच. खेळाच्या रचनेतच जाहिरातीची सोय असताना यशस्वी झालेला ब्लफही उघड करणे म्हणजे एकाच मालाची किंमत दोनदा मोजणे होय.

पडद्यावरील टेबलाने या प्रश्नात आणखी एक भर घातली आहे. प्रत्यक्ष टेबलावर दाखवलेला पत्ता पाहणाऱ्यांच्या स्मरणात राहतो आणि हळूहळू पुसटही होतो. ऑनलाइन मात्र तो ‘हँड हिस्टरी’त, म्हणजे प्रत्येक डावाच्या लिखित नोंदीत, कायमचा उतरतो आणि नोंदी जमवणारा प्रतिस्पर्धी सहा महिन्यांनीही तो काढून पाहू शकतो. त्याउलट जेथे प्रत्येक डावानंतर खेळाडू नव्या टेबलावर हलवले जातात, तेथे दाखवलेल्या ब्लफने निर्माण केलेला समज वापरायला तोच प्रतिस्पर्धी समोर राहतच नाही. अशा रीतीने तोटा टिकाऊ ठरतो आणि लाभ क्षणिक.

पत्ते पाहणाऱ्यानेही सावध असावे. दाखवलेले पत्ते निवडून दाखवलेले असतात; जो खेळाडू दहा ब्लफपैकी एक उघडा करतो त्याने उरलेले नऊ झाकलेले असतात, आणि दोनपैकी एकच पत्ता दाखवणारा तर त्या निवडीतही निवड करतो. असा पत्ता साक्षीदारासारखा बोलत नाही, वकिलासारखा बोलतो. आणि डिवचण्यासाठी, समोरच्याचा तोल जावा म्हणून ब्लफ दाखवणे, हे या मासिकाला सरळ असभ्य वाटते. त्यातून कधी फायदा होत असला तरी.

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील देडतलाईसारख्या सीमेलगतच्या गावात या प्रश्नाला निराळी बाजू आहे. या भागाला १८६७ चा सार्वजनिक जुगार अधिनियम लागू, तर पलीकडे अमरावती जिल्ह्यातील धारणीला मुंबईचा १८८७ चा कायदा लागू, आणि निव्वळ कौशल्याच्या खेळाला दोन्हींत सूट, अशी स्थिती दीर्घकाळ होती. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. सर्वांत जवळचे परवानाप्राप्त कॅसिनो आहेत ते शेकडो किलोमीटरवर, गोव्यात. त्यामुळे देडतलाईत पोकर पोहोचले ते फोनच्या पडद्यावरूनच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा संमत केला, २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून तो ऑनलाइन चालवण्यास मनाई झाली; देशातील पैशाची ऑनलाइन पोकर-टेबले त्यानंतर बंद पडली. पैज नसलेल्या सामाजिक खेळांना मात्र त्या कायद्यात जागा आहे.

म्हणून येथील अभ्यासू खेळाडूसमोर आज फुकट चिप्सची टेबले आहेत, आणि तेथे पत्ते दाखवण्याने काय साधते हे निराळे पाहायला हवे. गमावण्यासारखे काही नसलेला प्रतिस्पर्धी जवळजवळ प्रत्येक पैज स्वीकारतो, म्हणून त्याला ब्लफ दाखवून काहीच बदलत नाही. पण गुप्ततेचा लाभही तेथे फारसा उरलेला नाही, आणि ज्याच्या आसपास चूक समजावून सांगणारा जाणता खेळाडू नाही त्याला दुसऱ्याचे झाकलेले पत्ते नंतर पाहायला मिळणे हेच सर्वांत मोठे शिक्षण आहे. ही गरज खरी आहे आणि ती नाकारून केवळ ‘दाखवू नका’ असे सांगणे अन्यायाचे होईल. तिची जागा मात्र डाव चालू असलेले टेबल नव्हे, डावानंतरची बैठक आहे.

अशा बैठकीचा आधार म्हणजे संपूर्ण उघडी नोंद, आणि तिचे सामर्थ्य २००७ मध्ये जगाने पाहिले. ‘अ‍ॅब्सोल्यूट पोकर’ या संकेतस्थळावरील एका स्पर्धेविषयी शंका आल्याने एका खेळाडूने नोंद मागितली, आणि त्याला पाठवलेल्या फाइलमध्ये सर्वांचे झाकलेले पत्ते आले. खेळाडूंनी ती चिकाटीने तपासली तेव्हा एक खाते इतरांचे पत्ते पाहूनच खेळत असल्याचे दिसून आले. एखाद-दुसऱ्या दाखवलेल्या पत्त्यावरून हे कधीच सिद्ध झाले नसते. त्यासाठी निवड न केलेली, सलग आणि पूर्ण नोंदच हवी होती.

देडतलाई, धारणी, बुऱ्हाणपूर येथील चार-सहा खेळाडूंनी पैज न लावता एकत्र खेळून आठवड्यातून एकदा अशी बैठक भरवणे अवघड नाही. प्रत्येकाने आपली संपूर्ण नोंद, हरलेले आणि लाजिरवाणे डाव न वगळता, पुढे ठेवावी. एकाने डाव पैजेपैजेने वाचावा, प्रत्येक टप्प्यावर इतरांनी प्रतिस्पर्ध्याच्या हाती कोणते पत्ते संभवतात ते कागदावर लिहावे, आणि सर्वांचे लिहून झाल्यावरच झाकलेले पत्ते वाचले जावेत.