बाजूच्या खुर्चीतून सगळं दिसतंय!

खरं सांगा, लोकलमध्ये किंवा लायब्ररीत शेजारच्याच्या स्क्रीनवर कधीच डोकावला नाहीत? मी डोकावलेय. परवा रीडिंग हॉलमध्ये बाजूची मुलगी लॅपटॉपवर टाइप करत होती. दोन ओळी वाचल्यावर कळलं, कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीला द्यायचा अर्ज आहे तो. मी मान फिरवली. पण तिच्या मागून ये-जा करणाऱ्या प्रत्येकानं फिरवली असेल?

यावरची सोय 2016 पासून बाजारात आहे. एचपीनं थ्रीएमच्या तंत्रज्ञानावर काही एलिटबुकमध्ये ‘शुअर व्ह्यू’ आणलं. लेनोवोच्या काही थिंकपॅडमध्ये ‘प्रायव्हसीगार्ड’ मिळतं. बटण दाबलं की समोर बसलेल्या तुम्हाला स्क्रीन नीट दिसते, बाजूनं बघणाऱ्याला काही वाचता येत नाही. पण ही मॉडेल्स मुख्यतः ऑफिसवाल्यांसाठी. आपण काय करतो? प्लास्टिकचा फिल्टर चिकटवतो. तो काढेपर्यंत पडदा कायम! आणि आपल्याकडे तर एका लॅपटॉपभोवती तिघं बसून लेक्चर बघतात. कडेच्या दोघांनी काय करायचं?

म्हणजे पडदा हवा तेव्हा लागला पाहिजे, नको तेव्हा निघाला पाहिजे. बँकेचं पान उघडलं की आपोआप चालू, सिनेमा लावला की बंद. त्यासाठी लॅपटॉपला असा पडदा आहे, हे आधी ऑपरेटिंग सिस्टिमला कळायला हवं. लिनक्समध्ये बरीच वर्षं घोडं इथंच अडलं होतं. थिंकपॅडसाठी टर्मिनलमधून वापरायची वेगळी सोय होती, पण सगळ्या कंपन्यांसाठी एकच पद्धत नव्हती. ती मार्च 2022 मध्ये लिनक्स कर्नल 5.17 सोबत आली.

त्यातली एक गोष्ट मला फार पटली. पडद्याच्या दोन नोंदी वेगळ्या ठेवल्यात: सॉफ्टवेअरनं काय सांगितलंय आणि स्क्रीन प्रत्यक्षात कशी आहे. कारण की-बोर्डवरचं बटण कुणीही परस्पर दाबू शकतं, शिवाय काही मशीनवर पडदा लॉकही असू शकतो. सेटिंगमध्ये ‘चालू’ दिसतंय आणि स्क्रीन मात्र सताड उघडी, असा घोळ झाला तर पडदा नसलेला बरा. निदान आपण सावध तरी बसतो.

‘लपवण्यासारखं आहेच काय?’ हा घरचा लाडका प्रश्न. पासवर्ड आहे, डॉक्टरांचा रिपोर्ट आहे, त्या मुलीचा अर्ज आहे. पुरे?

लिनक्समध्ये पाया घातला गेलाय. आता ब्राइटनेसच्या शेजारी पडद्याचंही साधं बटण हवं, आणि तो पडदा आपल्या बजेटमधल्या लॅपटॉपवरही हवा. कंपन्या म्हणतील, मागणी कुठंय? मागणी दिसणार कशी, दुकानात कुणी विचारतच नाही. मी विचारलं. दुकानदारानं आधी मला नीट न्याहाळलं, मग वेबकॅमवर लावायचं सरकतं झाकण काढून दिलं. चाळीस रुपये.