वार्धक्याचा मान

नोकरीनिमित्त बंगळूरुच्या सर्जापूर रोडवर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत गावाकडचे वृद्ध आईवडील येऊन राहतात. घर नवे, भाषा परकी. त्यात लघवीवरचा ताबा सुटू लागला, की ते संकोचाने गप्प होतात आणि पाणी पिणेच कमी करतात. हा उपाय घातक आहे. त्यामुळे लघवी दाट होऊन मूत्राशयाचा दाह होतो, बद्धकोष्ठता वाढते आणि मूळचा त्रास अधिकच बळावतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर पाणी तोडू नये.

ताबा सुटणे हा दोष नव्हे, ते आजाराचे लक्षण आहे. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीची वाढ किंवा एखादे औषध त्यास कारणीभूत असते. पुष्कळदा त्यावर उपचार होतो. म्हणून प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दर २-३ तासांनी शौचालयाची हळूच आठवण करावी, रात्री वाटेत दिवा ठेवावा, सहज सोडता येतील असे कपडे द्यावेत. डायपर लागलाच, तर आधी विचारून, दार लावून बदलावा. पाहुण्यांसमोर त्याची वाच्यता करू नये.

‘लहान मुलासारखे काय करता?’ हा प्रश्न मात्र कधीही विचारू नये. ओली चादर धुता येते. त्या शब्दांचा डाग निघत नाही.