युरोपची चिप आणि अनुदानाची मर्यादा

सेमीकंडक्टर चिपांच्या जागतिक उत्पादनातील आपला वाटा २०३० पर्यंत २० टक्क्यांवर नेण्याचा संकल्प युरोपीय संघाने २०२३ च्या चिप कायद्यान्वये सोडला. तो सिद्धीस जाण्याची चिन्हे नाहीत. हा वाटा जेमतेम ११.७ टक्क्यांपर्यंत पोहोचेल, हा आयोगाचाच अंदाज. संघाच्या लेखापरीक्षकांनी २०२५ मध्ये तो पुढे ठेवला.

दोष पैशाच्या तुटवड्याचा आहे काय? जर्मनीत मॅग्डेबर्ग येथील कारखान्यासाठी इंटेलला सुमारे १० अब्ज युरो देऊ करण्यात आले होते. कंपनीने २०२५ च्या जुलैत तो बेतच सोडला आणि सुमारे ३,००० नोकऱ्यांचे आश्वासन हवेत विरले. उलट ड्रेस्डेन पाहावे. तेथे पूर्व जर्मन राजवटीने १९६१ साली सूक्ष्म-इलेक्ट्रॉनिकीचे संशोधनकेंद्र उभारले. राजवट कोसळली, पण तंत्रज्ञ आणि विद्यापीठ उरले. म्हणूनच तेथे सीमेन्स, मागाहून एएमडी आणि आता तैवानची टीएसएमसी आली. टीएसएमसीच्या प्रकल्पालाही ५ अब्ज युरोंचे अनुदान आहेच, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु बॉश, इन्फिनिऑन हे भागीदार आधीपासूनच तेथे पाय रोवून होते.

मंत्र्यांना कोनशिलांची ओढ अधिक; हा आजार काही युरोपपुरताच नाही. पण मॅग्डेबर्गच्या तरुणांना कोनशिलेआधी तंत्रशाळा, प्रयोगशाळा आणि लहान पुरवठादार हवे आहेत. त्यांवरील खर्च निवडणुकीपूर्वी फळत नाही.