कोचला शिव्या घालणाऱ्यांनो, आधी हा हिशोब वाचा

ऑक्टोबर 2025 मध्ये गोव्यात भारत सिंगापूरकडून 2-1 हरला आणि 2027 चा आशिया चषक हातून गेला. तेव्हापासून खालिद जमीलच्या नावानं जो शिमगा चालू आहे, तो आपल्या डोणगावच्या पोरांच्या मोबाईलपर्यंत आलाय. वर्षातून एक मॅच पाहणारेही "याला हाकला" म्हणतात. भाऊ, हा गडी ऑगस्टमध्ये आला. त्याच्या आधीच बांगलादेशशी बरोबरी आणि हाँगकाँगकडून हार झाली होती. पण ते सोडा.

मला बोलायचंय ते त्याच्या खेळण्याबद्दल. जमील मुंबईत खेळलेला मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू. देशाकडूनही खेळला. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तीन संघांच्या जर्स्या त्यानं घातल्या. आज त्यातला एक तरी संघ कुठे दिसतो का? महिंद्रा युनायटेडनं 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये संघच बंद केला. एअर इंडिया 2013 ला आय-लीगमधून बाहेर पडली. दुखापतींनी खेळणं थांबल्यावर जमील मुंबई एफसीचा कोच झाला. तुटपुंज्या पैशात, साध्या पोरांना घेऊन सात वर्षं त्यानं तो संघ खाली जाऊ दिला नाही. 2016 ला त्यालाच नारळ दिला.

मग तो मिझोरामला, आयझॉल एफसीकडे गेला. मुंबईचे जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही त्या संघात होते. 2016-17 ची आय-लीग आयझॉलनं जिंकली! त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटचा आली, खाली घसरली आणि बंद पडली. माणसं आपली, कप मिझोरामचा.

आता जरा आकडे बघा. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरामची लोकसंख्या सुमारे 11 लाख, एकट्या बुलढाणा जिल्ह्याची सुमारे 26 लाख. पैशाचं म्हणाल तर समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर तालुक्यातूनच गेलाय, म्हणजे सरकारला पैसा काढता येत नाही असं नाही. मग फरक कुठे आहे? तिकडे पोट्टे रोज संध्याकाळी खेळतात, त्यांच्या लीग होतात, अन् लोक तिकीट काढून बघायला येतात. इकडे मैदान म्हणजे लग्नाचा मांडव, सभेची जागा, नाहीतर ट्रॅक्टर लावायची सोय. निवडणूक जवळ आली की चषक, बॅनरवर नेत्याचा फोटो हातभर अन् खेळाडूचं नावही नाही. चषक संपला की तीच जागा परत उकिरडा.

कोणी म्हणेल, आपल्याकडं फुटबॉल चालत नाही. चालणार कसा? गोलपोस्ट किती गावांत पाहिलेत? कोल्हापुरात पेठापेठांची मॅच बघायला स्टेडियम भरतं, ते पण महाराष्ट्रातच आहे ना.

येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी लेखी अर्ज देणार आहे: गावात एक जागा फक्त खेळासाठी राखीव, दोन गोलपोस्ट, अन् तिथं मांडव-ट्रॅक्टर बंद. अर्जावर सह्या लागतील. ज्यांनी या आठवड्यात जमीलला शिव्या घातल्या, त्यांनी पहिल्यांदा यावं. पेन मी आणतो.