‘राजाराम’चे माजी विद्यार्थी म्हणजे नेमके कोण?

१/ कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाची ज्ञानकोशासाठी ‘नामवंत माजी विद्यार्थी’ अशी यादी करावयाची झाल्यास रानडे, गोखले आणि कर्मवीर भाऊराव पाटील ही तीन नावे प्रथम सुचतात. परंतु या तिघांचे कोल्हापुरातील शिक्षणाशी असलेले नाते तीन वेगळ्या प्रकारचे आहे.

२/ न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ चा. त्यांचे बालपण आणि आरंभीचे शिक्षण कोल्हापुरात झाले. पुढे ते मुंबईस गेले व १८५९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्याच मॅट्रिक परीक्षेत उत्तीर्ण झाले. राजाराम महाविद्यालय सुरू झाले १८८० मध्ये. रानडे कोल्हापूरचे विद्यार्थी खरे. या महाविद्यालयाचे नव्हेत.

३/ गोपाळ कृष्ण गोखले १८८१ मध्ये मॅट्रिक झाले व काही काळ राजाराम महाविद्यालयात शिकले. नंतर पुण्याचे डेक्कन कॉलेज, मग मुंबईचे एल्फिन्स्टन. तेथून १८८४ मध्ये पदवी. पदवी हाच निकष मानला, तर गोखल्यांवर राजारामचा काहीच हक्क उरत नाही.

४/ भाऊराव पाटील राजाराम हायस्कुलात शिकले आणि जैन वसतिगृहात राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांची चरित्रे सांगतात. ते मॅट्रिकही झाले नाहीत. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली ती याच विद्यार्थ्याने.

५/ म्हणून पदवीचा निकष अपुरा ठरतो. ज्यांना गरिबीने, जातीने वा बंडखोरीने शिक्षण अर्धवट सोडावे लागले, त्यांना तो दुसऱ्यांदा वर्गाबाहेर काढतो. उलट केवळ कीर्तीचा निकष लावला, तर गावात चार वर्षे राहिलेला प्रत्येक थोर पुरुष संस्थेच्या खात्यावर जमा होतो.

६/ योग्य निकष एकच: त्या संस्थेत प्रवेश घेऊन शिकल्याचा विश्वसनीय पुरावा. यादीत नावापुढे कालखंड आणि ‘पदवी’, ‘काही काळ शिक्षण’ किंवा ‘हायस्कूल विभाग’ असा स्पष्ट उल्लेख असावा. या नियमाने गोखले राहतात, भाऊराव हायस्कुलाच्या यादीत येतात, रानडे शहराच्या इतिहासात जातात.

७/ ना. सी. फडके आणि माधव ज्यूलियन यांनी राजाराममध्ये अध्यापन केले. त्यांची जागा अध्यापकांच्या यादीत. ती कमी मानाची नाही, वेगळी आहे. महाविद्यालयातून पदवी घेऊन पुढे उपराष्ट्रपती झालेले बा. दा. जत्ती मात्र निःसंशय माजी विद्यार्थी.

८/ एक आक्षेप रास्त आहे. मुक्त ज्ञानकोश छापील, स्वतंत्र संदर्भ मागतो. शाळेच्या कपाटातील जनरल रजिस्टर त्याला सहसा पुरत नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी उभारलेल्या वसतिगृहांत राहून शिकलेल्या पहिल्या पिढीचे काय? त्यांतील अनेकांचे नाव रजिस्टरपलीकडे कोठेही छापले गेले नाही.

९/ त्यावर उपाय नियम सैल करणे हा नाही. नियम सैल झाला की त्याचा लाभ आधीच प्रसिद्ध असलेल्यांना होतो. उपाय कोल्हापूरच्या हाती आहे: संस्थांनी आपली जुनी रजिस्टरे अभ्यासकांना खुली करावीत, वसतिगृहांनी स्मरणिकांत सत्कारांच्या छायाचित्रांबरोबर विद्यार्थ्यांचे चरित्रात्मक तपशीलही छापावेत, संशोधकांनी ते पडताळून ग्रंथात आणावेत.

१०/ ज्ञानकोशातील यादी म्हणजे सत्काराचे व्यासपीठ नव्हे. गावाच्या अभिमानाखातर त्यात रानड्यांचे नाव घुसडल्याने रानडे मोठे होत नाहीत. परंतु पुराव्याअभावी एखाद्या वसतिगृहातील मुलाचे नाव राहून गेले, तर शाहूंच्या कार्याचे फळच अदृश्य राहते.